डावी बाजू

"पाय सरळ ठेवा. गुडघ्यात वाकवायचे नाहीत. सायकल चालवत नाही आहोत आपण, पोहतोय."

ताई काठावरून सूचना देत होत्या आणि उथळ पाण्याच्या बाजूला, कडेची नळी धरून पोरांची रांग धबाधबा पाय मारत होती. पाणी इतकं उडत होतं की कुणाचं काय चाललंय ते दुसऱ्याला समजलं नसतं. ताईंना मात्र कुठला पाय आळशीपणाने पडतोय ते नुसत्या आवाजावरूनही कळायचं. "तू, पिवळी टोपी. झोप आली असेल तर घरी जा," त्या म्हणाल्या आणि रांग खिदळली.

तेवढ्यात पलीकडच्या उंच खुर्चीवरून जीवरक्षकाने पाण्यात झेप घेतली. हा वेड्यासारखा काय उड्या मारतोय, असं ताईंच्या मनात आलं. तो तलाव आडवा कापत पाण्याखालूनच आला आणि थेट त्यांच्या डाव्या पायाशी वर निघाला. त्याच्या दोन्ही हातांत निळ्या टोपीतली एक मुलगी होती. रांगेतली शेवटची. तिचा हात नळीवरून कधी सुटला, ती खाली कधी गेली, कुणालाच समजलं नव्हतं.

मुलगी काठावर आली, खोकली, पाणी ओकली आणि मग तिने भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून सगळ्यांच्या जिवात जीव आला. बाकावर बसलेली तिची आई धावत आली. तिने मुलीला टॉवेलात गुंडाळलं. ताईंकडे वर बघून ती एवढंच म्हणाली, "तुमच्या पायाशी होती हो ती. तुम्ही बघत होता तरी कुठे?"

ताईंनी शिट्टी वाजवून बाकीच्या पोरांना पाण्याबाहेर काढलं.

सगळे पांगल्यावर जीवरक्षक केस पुसत त्यांच्याजवळ आला. ताईंनीच त्याला लहानपणी पोहायला शिकवलं होतं, पुढे कामालाही त्यांनीच लावलं होतं. तो हळूच म्हणाला, "ताई, मी ऑफिसात सांगतो की ऊन होतं. पाण्यावर चकाकतं, मलाही कधी कधी काही दिसत नाही."

"ऊन माझ्या पाठीमागून होतं."

"मग? लक्ष नव्हतं का?"

"लक्ष होतं. मी तिकडे बघितलं होतं रे. बघितलं, आणि तिथे नुसतं पाणी होतं."

या तलावावर ताईंचं अर्धं आयुष्य गेलं होतं. एके काळच्या पोरी आता स्वतःच्या पोरींना हाताला धरून त्यांच्याकडे आणून सोडत. साठी उलटली तरी ताईंचे खांदे अजून रुंद होते आणि आवाज तलावाच्या त्या टोकाला सहज पोचायचा. इतक्या वर्षांत त्यांच्या नजरेखालून एकही मूल निसटलं नव्हतं. लोक यासाठी त्यांचं कौतुक करत. ताईंना ते कौतुक कधीच कळलं नव्हतं. डोळ्यासमोर बुडणारं मूल दिसणार नाही तर काय, असंच त्यांना वाटायचं.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी सगळं जसंच्या तसं नवऱ्याला सांगितलं. नवरा पंखे, मिक्सर, रेडिओ दुरुस्त करायचा. गल्लीत सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे आणि ताईही रागावल्या की मिस्त्रीच म्हणायच्या. जेवणाच्या टेबलावर एका टोकाला त्याचा पसारा कायम मांडलेला असे. हातातला पेचकस बाजूला ठेवून त्याने सगळं ऐकून घेतलं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "रागावणार नसशील तर."

"विचारा."

"गेल्या वर्षभरात तू किती कप फोडलेस?"

"तुम्ही ते टेबलाच्या कडेला ठेवता म्हणून फुटतात."

"सगळे डावीकडचेच फुटलेत. आणि स्वयंपाकघराचं दार. रोज डावा खांदा आपटतेस आणि रोज मला शिव्या देतेस की दार अर्धवट उघडं ठेवलं."

ताईंनी डावा खांदा चोळला. मग म्हणाल्या, "चमचा घ्या एक."

त्या खुर्चीत ताठ बसल्या. उजवा डोळा तळहाताने झाकला आणि डाव्या डोळ्याने समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर नजर लावली. घड्याळ स्वच्छ दिसत होतं, काटे, आकडे, सगळं. "आता चमचा डावीकडून आणा. खालच्या बाजूने. हलवत आणा. दिसला की सांगते."

त्या वाट बघत राहिल्या.

"आणा ना."

"केव्हाचा हलवतोय," मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

ताईंनी मान वळवली. चमचा त्यांच्या गुडघ्याच्या वर, हातभर अंतरावर होता. खिडकीतून येणाऱ्या उजेडात तो चांगला लखलखत होता.

दुसऱ्याच दिवशी दोघं डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. आधी अक्षरं वाचायला लावली. ताईंनी शेवटची ओळसुद्धा धडाधड वाचून दाखवली आणि त्यांना उगीच धीर आला. मग डोळ्यांचा दाब मोजला, थेंब टाकून आत उजेड मारला आणि शेवटी एका अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथे एका पांढऱ्या अर्ध्या घुमटासमोर हनुवटी टेकवून बसायचं होतं. मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही आणि कुठेही बारीक उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं.

ताईंनी दात घट्ट आवळून ते काम केलं. बाहेर आल्यावर तिथल्या मुलीला त्या म्हणाल्या, "तुमचं यंत्र बघून घ्या. मध्ये मध्ये बंद पडतंय."

"बंद नाही पडलं, आजी," ती मुलगी म्हणाली.

आजी म्हटलेलं ताईंना आवडलं नाही. पण ती ज्या मवाळपणे बोलली, ते त्याहून आवडलं नाही.

डॉक्टर बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. यंत्रातून निघालेला कागद त्यांनी ताईंपुढे ठेवला. दोन गोल होते. डाव्या गोलाचा खालचा भाग काळाकुट्ट होता आणि ती काळोखी कडेने वर चढत चालली होती. उजव्या गोलात खाली नुसती करडी छटा होती.

"जिथे यंत्र थांबलंय असं तुम्हाला वाटलं ना, तिथे ते चालूच होतं," त्या म्हणाल्या. "काचबिंदू आहे हा. डोळ्यात पाणी सतत तयार होत असतं आणि सतत बाहेर जात असतं. बाहेर जायची जाळी तुंबली की आत दाब वाढतो, आणि मागची नस त्या दाबाने हळूहळू मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही. मधली नजर शाबूत राहते, त्यामुळे वाचता येतं, माणसं ओळखू येतात. कडा मात्र गेलेल्या असतात."

"पण मला काळं काही दिसत नाही. तिथे पाणी दिसलं मला."

"मेंदू भरून काढतो. आजूबाजूला पाणी आहे, म्हणजे इथेही पाणीच असणार, असं तो धरून चालतो."

ताई थोडा वेळ त्या काळ्या भागाकडे बघत राहिल्या. एवढ्या जागेत एक मूल सहज मावलं असतं.

"माझ्या जावेचं ऑपरेशन झालं," त्या म्हणाल्या. "आता ती सुईत दोरा ओवते."

"तो मोतीबिंदू. तो काढला की दिसतं. यात गेलेलं परत येत नाही. तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही मी. पण आहे ते राखता येतं. बहुतेकांना चांगलं राखता येतं."

"राखायचं कसं, तेवढं सांगा."

"थेंब टाकायचे. रोज, ठरल्या वेळी, न चुकता. मी सांगेन तेव्हा येऊन तपासून जायचं."

"कधीपर्यंत?"

"कायमचं."

"ठीक आहे," ताई म्हणाल्या. "रोज पहाटे थंडगार पाण्यात उतरायचं कायमचं जमलं मला. थेंबांचं काय एवढं."

डॉक्टर बाई पहिल्यांदा हसल्या. त्यांनी थेंब कसे टाकायचे ते करून दाखवलं. खालची पापणी ओढून खिसा करायचा, बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही, एकच थेंब सोडायचा आणि मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा. पोहायला हरकत नाही म्हणाल्या, फक्त डोळ्यांवर रुतून बसणारा घट्ट चष्मा नको. मग पेन खाली ठेवत त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला होतं का हे? आई, वडील?"

"वडिलांना शेवटी दिसत नव्हतं. म्हातारपण म्हणून आम्ही सोडून दिलं."

"सख्खी भावंडं आहेत?"

"एक भाऊ. थोरला."

"त्यांना घेऊन या," डॉक्टर बाई म्हणाल्या. "लवकर आणा."

पण भावाकडे जायच्या आधी ताईंनी दोन कामं उरकली.

पहिलं तलावावर. व्यवस्थापकांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि ते खुर्चीत चुळबुळ करू लागले. "ताई, तुम्ही म्हणजे या तलावाची ओळख. एवढ्यासाठी सोडून कशाला जाता? काठावर तुमच्याबरोबर आणखी एकाला उभं करू. ही डोळ्यांची गोष्ट आपल्या दोघांत राहील."

"आणि पुढच्या वेळी त्या आणखी एकाला शिंक आली तर?"

ताईंनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. दोरीने मानेवर वर्षानुवर्षं घासून घासून एक वळ पाडला होता. बाहेर आल्यावर त्या वळावर त्यांना गार वाटलं.

दुसरं काम अवघड होतं. निळ्या टोपीवाल्या मुलीची आई केस कापायच्या दुकानात काम करायची. ताई तिथे जाऊन रांगेत बसल्या. नंबर आल्यावर खुर्चीत बसल्या आणि गळ्याभोवती कापड बांधणाऱ्या त्या बाईला आरशातूनच म्हणाल्या, "केस कापायचे नाहीत. तुम्ही त्या दिवशी विचारलंत, कुठे बघत होता म्हणून. त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं."

त्यांनी सगळं सांगितलं. काळ्या गोलापर्यंत सगळं. बाईच्या हातातला कंगवा तसाच राहिला.

"हे मला कशाला सांगायला आलात?" ती शेवटी म्हणाली. "मी नसतं सांगितलं. कुणाला कळलंही नसतं."

"तुमची मुलगी होती ती."

"आता काठावर कोण उभं राहणार?"

"मी नाही," ताई म्हणाल्या.

बाईने मान हलवली. माफ केलं की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं, आणि ताई त्यासाठी आल्याही नव्हत्या. "बसलाच आहात तर टोकं नीट करून देते," ती म्हणाली आणि तिने कात्री हातात घेतली.

दादा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा कामासाठी महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी असे आणि घरात दादा, सून आणि शाळेत जाणारी नात एवढीच माणसं असत. दादाने आयुष्यभर बस चालवली होती. निवृत्तीनंतर एक जुनी गाडी घेतली होती आणि तिच्यावर त्याचा जीव होता. नातीला रोज सकाळी शाळेत सोडायचं काम त्याने कुणाला म्हणून करू दिलं नव्हतं.

ताई फाटकातून आत शिरल्या आणि गाडीपाशी थबकल्या. डाव्या बाजूचा आरसा चिकटपट्टीने बांधलेला होता. दारापासून मागच्या चाकापर्यंत एक लांबलचक ओरखडा गेला होता. फाटकाच्या खांबावर त्याच रंगाचा पट्टा होता.

"खांब वाकडा बांधलाय," दादा आतून म्हणाला. "केव्हाचं सांगतोय यांना."

सुनेने ताईंकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

ताईंनी आडवळण घेतलं नाही. चहा घेता घेता त्यांनी काचबिंदूचं सांगितलं, वडिलांची आठवण काढली, डॉक्टर बाईंचा निरोप दिला. दादाने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "अगं, मला माहितेय ते. त्या निवृत्तीनंतरच्या तपासणीत कुणीतरी सांगितलं होतं. थेंब दिले होते कसले तरी. दोन बाटल्या संपवल्या. डोळे चुरचुरायचे नुसते, फरक काही पडला नाही. सोडून दिले."

ताईंचा कप तोंडाजवळच राहिला. "दादा, फरक पडायला नसतात ते थेंब. आहे ते टिकायला असतात."

"मला व्यवस्थित दिसतं. पेपर वाचतो रोज. आणि काही झालंच तर पिकल्यावर काढून टाकू."

"पिकतो तो मोतीबिंदू."

"तुला झालं म्हणून सगळ्यांना होतं का, छोटे?" तो चिडला. "तुझा तलाव सुटला, आता माझी गाडी सोडवायला आलीस."

हे ताईंना लागलं. त्या उठल्या, पर्स उचलली आणि निघाल्या. फाटकापर्यंत सून मागोमाग आली. "आत्या," ती हलक्या आवाजात म्हणाली, "परवा सिग्नलला एक सायकलवाला यांना दिसलाच नाही. थोडक्यात वाचला तो. पोरगी गाडीत होती. घरी येऊन तिने मला सांगितलं. मी बोलले तर म्हणाले, तुम्हाला माझ्यावर भरवसा नसेल तर तसं सांगा. मी काय बोलणार यांच्यापुढे?"

"तू काही बोलू नकोस," ताई म्हणाल्या. "उद्यापासून मी येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला घेऊन दादा गाडीपाशी आला तेव्हा पुढच्या सीटवर ताई बसलेल्या होत्या. मांडीवर पर्स होती, पट्टा लावलेला होता.

"उतर," दादा म्हणाला.

"नाही."

"पोरीला उशीर होतोय."

"तिची आई सोडेल तिला. बस आहे कोपऱ्यावरून. तुला गाडी काढायची तर काढ, मी बसलेय. माझ्या वजनाने तुझी गाडी थोडीच अडणार आहे. पण पोरगी यात बसणार नाही."

दादा फाटकातच उभा राहिला. शेजारी खिडकीतून डोकावू लागले. सून नातीचं दप्तर घेऊन गुपचूप बाहेर पडली. दादाने गाडीची किल्ली खिशात टाकली, पाय आपटत आत गेला आणि दार लावून घेतलं. ताई ऊन चढेपर्यंत गाडीत बसून राहिल्या आणि मग घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या. तिसऱ्या दिवशीही आल्या. मिस्त्रीने त्यांना डब्यात खायला बांधून दिलं आणि विचारलं, "रेडिओ देऊ का छोटा? गाडीत कंटाळा येत असेल."

असे बरेच दिवस गेले. भाऊबहीण एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हते. मग एका सकाळी दादा बाहेर आला, गाडीला वळसा घालून चालकाच्या सीटवर येऊन बसला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिला. गाडी सुरू केली नाही.

"लोक हसतायत," तो म्हणाला.

"हसू देत," ताई म्हणाल्या आणि त्यांनी मांडीवरची पर्स खाली ठेवली.

"तुला आठवतं का बाबांचं जेवण?" त्यांनी विचारलं. "ताटाची कड बोटांनी चाचपायचे. आमटीत बोट गेलं की पुसून घ्यायचे आणि आपल्याला दिसलं नसेल असं समजायचे. तू त्यांच्या डाव्या बाजूला बसायचास आणि वाटी हळूच पुढे सरकवायचास."

"म्हातारे झाले होते ते."

"दादा, बाबा तेव्हा तुझ्यापेक्षा लहान होते."

दादाने मनातल्या मनात हिशेब केला असावा. त्याचे ओठ हलले. मग स्टिअरिंगवरचे हात खाली आले.

"मला भीती वाटते गं," तो म्हणाला. ताईंनी आपल्या थोरल्या भावाच्या तोंडून हे वाक्य आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. "कुणी सांगितलं नाही तोवर चालवता येतं. एकदा कागदावर आलं की संपलं."

"कागदावर नाही आलं तरी संपतंच आहे ते. रोज थोडं थोडं." ताईंनी स्वतःचा पट्टा सोडला. "चल, टॅक्सी बोलावते."

दादाचे दोन्ही गोल बघून ताईंना आपला कागद बरा वाटला. त्याचा डावा डोळा जवळजवळ गेलाच होता. उजव्यात मधोमध एक पांढरा डाग उरला होता, जणू कुणी अरुंद नळीतून जग बघावं. त्या नळीतून तो पेपर वाचत होता आणि गाडी चालवत होता. डॉक्टर बाई त्याला रागावल्या नाहीत. नुसत्या थेंबांवर आता भागणार नाही, उजव्या डोळ्याचा दाब उतरवायला शस्त्रक्रिया करावी लागेल, असं त्यांनी समजावून सांगितलं. त्याने नजर वाढणार नाही, उरलेली वाचावी म्हणून करायची, हेही सांगितलं.

"आणि गाडी?" दादाने विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर दोघं शेजारी बसले. दादा हातातली किल्ली उलटसुलट करत होता.

"तुला कळलं तेव्हा तू रडलीस का?"

"पोहायला गेले. पाण्यात कुणाला कळत नाही."

दादाने मान डोलावली. घरी गेल्यावर त्याने किल्ली सुनेच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "शिकून घे. पण क्लचवर पाय ठेवून बसायचं नाही, मला खपणार नाही." तिला घाम फुटला. पुढचे काही आठवडे तो शेजारच्या सीटवर बसून तिला इतका बोलला की एकदा ती भर रस्त्यात गाडी थांबवून खाली उतरली. तेव्हापासून ती गिअर बदलताना तो फक्त डोळे मिटून घेऊ लागला.

थेंबांचं प्रकरण मात्र सोपं नव्हतं. दादाचा नेम चुकायचा. थेंब गालावर पडायचा, कपाळावर पडायचा, एकदा कानात गेला. सुनेने टाकून देते म्हटलं तर त्याला कमीपणा वाटायचा. ताईंनी त्याला पलंगावर आडवं व्हायला आणि हाताची मूठ कपाळाला टेकवून मग बाटली धरायला शिकवलं, तसं जमायला लागलं. त्या रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी फोन करत.

"टाकलेस?"

"टाकले. तू?"

"टाकले."

एवढंच बोलणं. सुरुवातीला तो वैतागायचा, मी काय लहान आहे का म्हणायचा. एकदा मिस्त्रीला ताप भरला आणि धावपळीत ताई फोन करायला विसरल्या. तर दादाचाच फोन आला. "टाकलेस का, छोटे?" तो दरडावून म्हणाला.

दरम्यान ताई तलावावर परत जाऊ लागल्या होत्या. व्यवस्थापकांनी बोलावलं म्हणून नव्हे. त्या स्वतःच गेल्या आणि काय करू शकते, काय नाही, ते त्यांना स्पष्ट सांगून आल्या. काठावर उभं राहणार नाही. मुलांच्या रांगा घेणार नाही. एका वेळी एकच मोठं माणूस, उथळ पाण्यात, आणि मी स्वतः पाण्यात. पाण्याला भिणारी मोठी माणसं पुष्कळ असतात, त्यांना मुलांसमोर शिकायची लाज वाटते. ती दुपारच्या रिकाम्या वेळेत ताईंकडे येऊ लागली. ताई डावा खांदा तलावाच्या भिंतीला लावून उभ्या राहत, म्हणजे न दिसणाऱ्या बाजूला भिंतीशिवाय काही नसे. माणसाच्या पाठीखाली तळहात ठेवून त्या म्हणत, "मला तुम्ही दिसता. पूर्ण दिसता. सोडा अंग." जीवरक्षक उंच खुर्चीतून बघत राही. काठावरची सकाळची रांग आता तो घ्यायचा. पहिल्या दिवशी त्याने ताईंना विचारलं होतं, कसं बघायचं एकाच वेळी सगळीकडे. "मान वळवत राहा," त्या म्हणाल्या होत्या. "दिसतंय असं वाटलं तरी वळवत राहा."

दादाची शस्त्रक्रिया झाली. काही दिवस डोळ्यावर कडक झाकण होतं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, चोळायचं नाही, अशी सगळी बंधनं होती आणि त्या दिवसांत त्याने सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. एके दिवशी ताई त्याला पुन्हा तपासणीला घेऊन गेल्या. दाब उतरला होता. डॉक्टर बाई म्हणाल्या, छान आहे, असाच राखू या. सून गाडी घेऊन न्यायला येणार होती, पण तिला कामावरून निघायला उशीर होणार होता.

"चालत जाऊ," दादा म्हणाला. "बसून बसून कंबर धरलीय माझी."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्यावर दोघांची थोडी बाचाबाची झाली. ताई त्याच्या डाव्या हाताला जाऊन उभ्या राहिल्या, कारण त्या बाजूचं त्याला काही दिसत नव्हतं. दादा म्हणाला, तिथे तू उभी राहिलीस तर तुझी डावी बाजू रस्त्याकडे येते, तुला कोण सांभाळणार. मग त्या उजवीकडे गेल्या. तर त्याची डावी उघडी पडली. पुन्हा इकडून तिकडे झालं. दारावरचा चौकीदार बघत राहिला.

"आपण दोघं मिळूनही एक धड माणूस होत नाही," दादा म्हणाला.

"होतो की," ताई म्हणाल्या. "फक्त सावकाश चालायचं." आणि त्याच्या डाव्या बाजूला जाऊन त्यांनी त्याचा दंड धरला.

पुढे चौकात रहदारी जोरात होती. गाड्या, बस, सायकली, सगळ्यांना कुठेतरी पोचायची घाई होती. दोघं फुटपाथच्या कडेला येऊन थांबले. सिग्नल माणसांसाठी हिरवा झाला. आजूबाजूचे लोक भराभर उतरून निघाले, एकदोघांचे धक्केही लागले. दादा आणि ताई हलले नाहीत. दोघांनी मान पूर्ण, पार खांद्यापर्यंत डावीकडे वळवली आणि तिथला रस्ता टोकापर्यंत नीट बघून घेतला. मग तितकीच उजवीकडे वळवली. मग पुन्हा एकदा डावीकडे.

"चल," दादा म्हणाला, आणि दोघांनी एकदम पाय खाली टाकला.